कळ

सत्तावीस नंबरची उंदरीण आज कळ दाबत नाही.
कोपऱ्यात बसून आहे, मिशा हलवत,
साखरपाण्याची नळी तिच्यापासून चार बोटांवर.
महिन्यापूर्वी एका थेंबासाठी वीस वेळा दाबायची,
आता तिसऱ्यांदाच थांबते.

"मावशी, पाय बघू या हिचा," देबारती म्हणते.
मी मागच्या पंजाला बारीक तार टेकवते. हलत नाही.
जाड टेकवते, तेव्हा कुठे उचलते.
म्हणजे औषध लागू पडलंय. पंजा बरा आहे.
वहीत एका रकान्यात लिहितो: वेदना, उतार.
शेजारच्या रकान्यात लिहितो: तीन.

मला हे कुणी समजावून सांगायला नको.
माझ्या डाव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत
चार वर्षं एक कळ राहते,
भाडं न देता.
ठणका म्हणा, सल म्हणा, शिणका, ठसठस,
थंडीत मुंग्या,
बस चांदणी चौकात वळली की वीज.
औंधच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई विचारतात, दहापैकी किती?
गेल्या महिन्यात म्हटलं, चार.
त्या खूश. आधी आठ होतं ना.
मग आता टेकडीवर जाता की नाही?

नाही जात.

पाषाणकडून वर, खाणीच्या काठापर्यंत,
पहाटे साडेपाचला मी आणि झगडेबाई.
मोर ओरडायचे, आणि त्यांच्या वरताण आवाजात
ती सुनेची उणीदुणी काढायची.
बूट आता कपाटाखाली, कोळ्याच्या हवाली.
दुखेल म्हणून नव्हे.
दुखलं तर दुखलं, दोन बाळंतपणं काढलीत मी.
पण गजर झाला की आतून कुणीतरी म्हणायचं, चल,
ते आता म्हणत नाही.
गजर मात्र होतो. तो मी अजून बंद केलेला नाही.

देबारतीनं बिलाच्या मागच्या बाजूला काढून दाखवलं:
हा मेंदू (बटाटाच वाटला मला),
हा त्याच्या पोटात दाणा, मसुरीएवढा,
नाव अवघड, विसरले.
हा नको म्हणतो.
इथून वाट खाली जाते, जिथं हवंसं वाटणं तयार होतं,
आणि त्याचा नळ आवळते.
दुखणं मुरलं की नळ आवळायची सवय लागते.
दुखणं उतरलं तरी हात तिथंच.
"असं आम्हाला वाटतं," ती म्हणाली, "नक्की नाही अजून."
कोलकात्याची पोर. मराठीतला पहिला शब्द शिकली तो नको,
बाणेरला भाजीवाल्याशी, पिशवी नको म्हणताना.
हवंय म्हणायला सहा महिने लागले तिला.

भाचीच्या साखरपुड्याला भोरला गेले नाही.
पाय, म्हटलं. पाय सगळ्यांना समजतो.
मोरपंखी साडी काढून पलंगावर ठेवली होती,
तिच्याकडे बघता बघता दिवेलागण झाली,
हे कुणाला सांगू?
आमच्या ह्यांनी न बोलता साडी घडी करून ठेवली,
चुकीच्या घडीवर.

सहाला मी भुसा बदलते, पाण्याच्या बाटल्या भरते.
सत्तावीसला तळहातावर घेतलं की तिचं पोट
घड्याळापेक्षा भराभर चालतं.
देबारती म्हणते, लळा लावून घेऊ नका, मावशी.
मी म्हणते, छे.

दिवा मालवला आणि दाराशी आले,
तेवढ्यात मागे आवाज झाला. टक.
सत्तावीस की शेजारची अठ्ठावीस, कळलं नाही.
वहीत लिहायची वेळ टळून गेली होती.
दिवा परत लावला नाही.
उभी राहिले तशीच, डाव्या पायावर भार टाकून,
आणखी एक होतोय का बघत.